पश्चिमसमुद्राधिपतीच्या किनाऱ्यावर

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत माणसाला लागणारे सगळे मिळते. मिळत नाही तो एक समुद्र. उल्हासनगरात कापड मिळते, फर्निचर मिळते, आणि गाडीचा कुठलाही सुटा भाग, तो कुणी बनवला हे विचारायचे नाही या अटीवर, मिळतो. अंबरनाथला कारखाने आहेत, देऊळ आहे. बदलापुराला डोंगर आहेत आणि पावसाळ्यात तर नको तितके पाणी आहे. २०१९ सालच्या जुलैत उल्हास नदीने बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसला भर पुरात उभी करून ठेवली होती, तेव्हा हजारावर उतारूंना बोटींतून बाहेर काढावे लागले. पण ते पाणी गढूळ आणि गोडे. खारे पाणी पाहायचे तर आम्ही लोकलने दादर गाठतो, तिथून जुहू किंवा गिरगाव, आणि रविवारी संध्याकाळी त्या वाळूवर उभे राहून समुद्राऐवजी पुढच्या माणसाचे डोके पाहून परत येतो.

गेल्या जुहूच्या वारीत आमची धाकटी मुलगी पाऊण तास हरवली होती. सापडली ती भेळवाल्याच्या गाडीमागे, मजेत. पण त्या पाऊण तासानंतर सौभाग्यवतीने जाहीर केले, की यापुढे समुद्रावर जायचे तर जिथे माणसे मोजता येतील अशाच. मुलांना धावता यावे, सासूबाईंना वाळूत खुर्ची टाकून बसता यावे, आणि कर्णा नसावा. एवढ्या अटी पाळणारा किनारा मला एकच ठाऊक होता, आणि तोही समुद्रामुळे नव्हे, एका दगडामुळे. अलिबागच्या दक्षिणेला, साखरची खाडी ओलांडली की लागणारे अक्षी.

या दगडाशी माझी ओळख कशी झाली ते सांगायला हवे. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक आणि पुढे चित्रकलेची पदविका. इतिहासाची पदवी माझ्याजवळ नाही. पण ज्याचे घर अंबरनाथच्या शिवालयापासून दहा मिनिटांवर आहे आणि ज्याच्या हातात पेन्सिल आहे, त्याला इतिहास टाळता येत नाही. दरवर्षी मी मुलांना देवळावर चित्रे काढायला नेतो. भिंतीवरचा एकेक कोपरा वाटून देतो. कुणाला हत्ती, कुणाला ब्रह्मदेव, कुणाला नुसती पानाफुलांची वेल. मुले कुरकुरतात. मग मी त्यांना सांगतो, की बाबांनो, तुमच्या आधी इथे जे. जे. कलाशाळेची मंडळी येऊन बसली होती. १८६८ साली मुंबई सरकारने या देवळाची मापे, चित्रे आणि मातीचे साचे घेण्याचे काम त्या शाळेकडे दिले होते. आपल्या देशात जुन्या वास्तूंची अशी शिस्तीने नोंद घेण्याच्या पहिल्या प्रयत्नांत हा एक धरतात. हे ऐकले की मुलांच्या पेन्सिली थोड्या सरळ चालतात.

देवळाच्या उत्तर दारावर आतल्या बाजूला एक लेख आहे. श्रावण शुद्ध नवमी, शुक्रवार, शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पहिल्यांदा वाचणाऱ्यांनी तो आकडा ७८२ असा वाचला होता; पुढे तो ९८२ ठरला. दगडावरचा एक अंक झिजला की इतिहास दोनशे वर्षे इकडचा तिकडे होतो, हे लक्षात असू द्या, पुढे याची गरज लागेल. लेखात नाव आहे ते उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातल्या मुम्मुणीचे. देऊळ बांधायला काढले ते त्याचा थोरला भाऊ छित्तराज याने, असे मानतात. मधे नागार्जुन नावाचा आणखी एक भाऊ राज्य करून गेला. म्हणजे एका भावाने पाया घातला आणि तिसऱ्याच्या वेळी कळस चढला. आमच्याकडच्या बांधकामांची ही रीत तेव्हापासूनची दिसते.

आता गंमत अशी, की वालधुनीच्या काठी, समुद्रापासून इतक्या आत, वीस-एक पायऱ्या उतरून जावे लागणाऱ्या गाभाऱ्यात शंकराची पिंडी बसवणारे हे राजे स्वतःला काय म्हणवून घेत? ‘पश्चिमसमुद्राधिपती.’ पश्चिम समुद्राचे धनी! लहानपणी हे वाचले तेव्हा मला हसू आले होते. नाल्याच्या काठचा समुद्राधिपती! कारण आमची वालधुनी तोवर नदी राहिली नव्हती. कारखान्यांच्या सांडपाण्याने तिचा रंग कधी तांबडा, कधी निळा असे. पण ते हसणे माझ्या अज्ञानाचे होते. वालधुनी उल्हासला मिळते, उल्हास कल्याणवरून खाडीत उतरते आणि वसईला समुद्राला लागते. याच पाण्याच्या वाटेवर कल्याण बंदर उभे होते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक नावाड्यांच्या वाटाड्या-पोथीत त्याचे नाव आहे, कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत, आणि १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजीमहाराजांनी आपली पहिली गलबते बांधायला घेतली ती याच खाडीत. आमच्या घरामागून जाणारे पाणी अखेर समुद्राकडेच जात होते. आम्ही मात्र त्याच्याकडे पाठ करून लोकलच्या वेळापत्रकाकडे तोंड केले.

मुम्मुणीचा पुतण्या अनंतदेव याचा खारेपाटणला सापडलेला ताम्रपट शके १०१६ चा, म्हणजे १०९४ सालचा आहे. त्यात राजाने आपल्या एका प्रधानाच्या आणि त्याच्या भावाच्या जहाजांना जकात माफ केली आहे. कुठल्या बंदरांत? स्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुली. स्थानक म्हणजे ठाणे, शूर्पारक म्हणजे सोपारा, चेमुली म्हणजे चौल. राहिले नागपूर. ते विदर्भातले नव्हे हे उघड आहे; काही अभ्यासक ते नागोठणे मानतात आणि काही नागाव. नागाव मानले तर ते अक्षीच्या अगदी शेजारचे गाव. प्रधानांच्या जहाजांना जकात माफ होण्याची प्रथाही तशी जुनीच म्हणायची. असो.

आमच्याबरोबर या वेळी अम्मा आल्या. अम्मा म्हणजे उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये राहणाऱ्या माझ्या एका सिंधी मित्राच्या आई. वय चौऱ्याऐंशी. आमच्या आईची आणि त्यांची मैत्री पापडांवरून झाली आणि लोणच्यांवर पक्की झाली. अम्मांचे मराठी बाजारात शिकलेले आहे. त्यात लिंगभेद नाही. उल्हासनगर म्हणजे मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकी दिल्या, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचे नगर झाले. पण लोक अजून कॅम्प नंबरानेच पत्ता सांगतात. अम्मा आल्या त्या १९४८ साली, कराचीहून आगबोटीने. जानेवारीत कराचीत दंगल उसळली आणि जे थांबू म्हणत होते तेही निघाले. तेव्हा त्या सात वर्षांच्या. वडिलांनी बायको आणि तीन मुले बोटीत बसवली, मी पुढल्या बोटीने येतो म्हणाले, आणि धक्क्यावर उभे राहिले. ते आले चार महिन्यांनी, कल्याणच्या छावणीत, दाढी वाढलेले. मुलगी त्यांना ओळखेना. आईच्या पदरामागे लपली.

ही हकिकत अम्मा सांगतात ती हसत. पण मित्राने मला एकदा बाजूला घेऊन सांगितले, की त्याच्या आठवणीत आई कधी चौपाटीवर आलेली नाही. मुंबईला शंभरदा गेल्या, समुद्रावर नाही. कुणी म्हटलेच तर म्हणत, “समुद्र बघितली ना मी. एकदा बघितली, बस्स.” आणि आता चौऱ्याऐंशीव्या वर्षी, आमच्या आईने नुसते विचारले, येता का, तर तयार! का, ते त्यांनी सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही.

निघताना एक हिशेब मात्र केला, तो वाचकांनीही शिकून ठेवावा. कोकणच्या किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. आम्ही राहून दुसऱ्या सकाळी किनाऱ्यावर जायचे होते, त्या दिवशी षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. पहाटे साडेचारला भरती, म्हणजे सुमारे सहा तासांनी, साडेदहाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. मुलांना खेळायला हीच वेळ. हिशेब ढोबळ आहे, पण कॅलेंडरावर भागतो आणि पोरांच्या जिवाला घोर राहत नाही. शिवाय वार आम्ही मुद्दाम मंगळवार धरला होता. शनिवारी-रविवारी अलिबागच्या रस्त्याला मुंबईच लोटते.

अंबरनाथहून पहाटेची लोकल, मुंबईला उतरून गेटवे, तिथून लाँचने मांडवा. अम्मा लाँचमध्ये मधोमध बसल्या, आमच्या आईचा हात धरून. मुले कठड्याशी समुद्रपक्ष्यांना शेवचिवडा उडवत होती. अम्मांनी एकदाही बाहेर पाहिले नाही. मांडव्याहून बसने अलिबाग, आणि पुढे रेवदंड्याच्या रस्त्याने रिक्षा. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू झाल्या तेव्हा मात्र त्यांनी रिक्षातून मान बाहेर काढली.

अक्षीच्या किनाऱ्याचे वर्णन लांबवण्यात अर्थ नाही. सुरूचे बन आहे. त्याच्या पलीकडे रुंद, सपाट, पायाखाली घट्ट राहणारी वाळू आहे. ओहोटीला पाणी इतके मागे जाते, की मुलांना समुद्राकडे चालत जायला कंटाळा येतो. एका अंगाला कोळ्यांच्या होड्या. ओल्या वाळूवर पाणपक्ष्यांच्या पावलांची नक्षी. उत्तरेला खाडीच्या मुखाकडे मात्र जाऊ नये, तिथे ओढ असते, असे घरमालकाने बजावले होते. मी वाळूवर रेघ ओढून दिली आणि मुलांनी ती चक्क पाळली. सौभाग्यवतीने माणसे मोजली. आम्ही सोडून अकरा. तिच्या चेहऱ्यावर मी लग्नानंतर पाहिले नव्हते असे समाधान होते.

दुपारी जेवण झाल्यावर मी मंडळींना दगड दाखवायला नेले. उभा, पुरुषभर उंचीचाही नाही. वर चंद्र-सूर्य कोरलेले, खाली देवनागरी ओळी. बरीच वर्षे हा रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस खात उभा होता. अलीकडे कुठे त्याची नीट व्यवस्था झाली. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी प्राचीन मराठी कोरीव लेखांचा जो संग्रह केला त्यात याचा मान मोठा. जगाला सुख लाभो अशा अर्थाचे शब्द सुरुवातीला आहेत, आणि मग येतो तो आमचा धनी: पश्चिमसमुद्राधिपती, कोंकणचक्रवर्ती, केसीदेवराय. त्याच्या महाप्रधानाने शके ९३४ मध्ये, शुक्रवारी, महालक्ष्मी देवीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य नेमून दिले, असा अर्थ लावतात. इसवी सन १०१२. अंबरनाथच्या लेखाचा वारही शुक्रवार, हा योगायोग. पण केसीदेव म्हणजे अरिकेसरी धरला, तर तो आमच्या मुम्मुणीचा सख्खा चुलता होतो. काकाने समुद्रकाठी देवीला धान्य दिले, पुतण्याने नदीकाठी शंकराला देऊळ दिले.

या तारखेवर मोठे मानापमान अवलंबून आहेत. ९३४ खरा, तर मराठीत कोरलेला सर्वांत जुना सालवार लेख हाच. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायथ्याची मराठी ओळ आपण शाळेत पहिली म्हणून शिकलो, पण तिच्या वयाबद्दल पंडितांचे एकमत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या कुडलच्या लेखाचा शक ९४०. मात्र अक्षीचा आकडा निराळा वाचणारेही आहेत. त्यांच्या मते हा केसीदेव पहिला नव्हे, दोनशे वर्षांनंतरचा दुसरा. अंबरनाथच्या ७८२ आणि ९८२ ची आठवण मी वर करून दिली ती यासाठी. माझे मत कुणी विचारणार नाही. तरी सांगतो, की मला पहिला क्रमांक महत्त्वाचा वाटत नाही. मला महत्त्वाचा वाटला तो आमच्या आईचा चेहरा. ‘बोडण’ हा शब्द ऐकताच ती म्हणाली, “अरे, पेणला आमच्या शेजारच्या वाड्यात बोडण भरायचे की! दूध, दही, तूप, मध कालवायचे आणि देवीला न्हाऊ घालायचे. मी सवाष्णींच्या मागे उभी राहून बघायची.” राजा गेला, प्रधान गेला, कुवलीचे माप किती होते हे सांगायला कुणी राहिले नाही, आणि शब्द मात्र पेणच्या एका वाड्यातून चालत माझ्या आईपर्यंत आला होता.

दगडाच्या खालच्या अंगाला जे चित्र आहे, ते कुटुंबवत्सल माणसाला जरा अडचणीचे. त्याला गधेगाळ म्हणतात. दिलेले दान जो कोणी मोडील, त्याला आईवरून दिलेली ही शिवी आहे. त्यात एक गाढव आहे, इतके सांगितले की सुज्ञांनी समजावे. ज्यांना अक्षरे वाचता येत नव्हती त्यांनाही कळावी म्हणून ती चित्रात कोरत. उत्तर कोकणात असे दगड जागोजाग आढळतात. मुलांना मी चंद्र-सूर्याकडे वळवले. वर चंद्र-सूर्य असेपर्यंत दान चालावे, असा त्याचा अर्थ. पण अम्मांची नजर खालीच. “मास्तर, हे काय आहे?” मी जमेल तितक्या सभ्यपणे सांगितले. राजाने जमीन दिली, धान्य दिले, की असा दगड लावायचा. मग कुणी ते हिसकावून घेतले तर त्याला हा शाप.

अम्मांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. म्हणाल्या, “आमच्या घरासमोर पण असा दगड पाहिजे होता.”

कुणी बोलले नाही. मग आमची आईच म्हणाली, “बाई, चला आता, चहाची वेळ झाली.”

चहा झाल्यावर आम्ही पुन्हा वाळूवर गेलो. भरती वर चढत होती. दक्षिणेकडे हात करून मी मुलांना सांगितले, की तिकडे चौल. त्याला अरब लोक सैमूर म्हणत. ९१५ च्या सुमाराला मसूदी नावाचा बगदादचा प्रवासी तिथे उतरला होता. तिथल्या राजाचे नाव त्याने लिहून ठेवले आहे, झंझ, आणि तोही शिलाहारच. थोरल्याने विचारले, “मग हे राजे गेले कुठे?” मुलांचे प्रश्न असेच असतात, पाठ्यपुस्तकात नसते तेवढेच विचारतात.

ते गेले समुद्रातच. शेवटचा राजा सोमेश्वर. देवगिरीच्या महादेव यादवाने १२६५ च्या सुमाराला कोकणावर हत्तींचे दळ घातले. जमिनीवर निभाव लागेना तेव्हा सोमेश्वर गलबते घेऊन समुद्रावर गेला. आपले घर तेच, तिथे कोण हरवणार, असे त्याला वाटले असावे. यादवांनी तिथेही त्याला गाठले आणि तो बुडाला. यादवांच्या पदरच्या हेमाद्रीने हे मोठ्या अभिमानाने लिहून ठेवले आहे, की महादेवाच्या कोपापेक्षा त्याला समुद्राच्या पोटातला अग्नी बरा वाटला. बोरिवलीजवळ एक्सरला जे वीरगळ आहेत, त्यांच्यावर वल्ह्यांच्या गलबतांची लढाई कोरलेली आहे. ती हीच लढाई असे काहींचे म्हणणे. काही ती आणखी जुनी मानतात. पुढे यादवांचेही अधिकारी इथे आले. अक्षीतच रामचंद्र यादवाच्या काळचा, शके १२१३ चा दुसरा लेख आहे. ऐंशी वर्षेही गेली नाहीत तो यादवही संपले होते असे मी म्हणणार होतो, पण हिशेब केला तर तेवढीही गेली नव्हती.

मी हे सांगत असताना अम्मा उठल्या आणि पाण्याकडे चालू लागल्या. मी मागे निघालो तर आईने मला डोळ्यांनी थांबवले. घोट्याएवढ्या पाण्यात त्या उभ्या राहिल्या, बऱ्याच वेळ. सूर्य खाली आला होता. मग मागे वळून त्यांनी मला हाक मारली. “मास्तर, कराची कुठल्या बाजूला?”

मी उत्तर-पश्चिमेकडे बोट केले. साखरच्या खाडीच्या पलीकडे, कुलाबा किल्ल्याच्या डाव्या अंगाला, जिथे नुसते पाणी होते तिथे. त्यांनी तिकडे पाहिले. म्हणाल्या, “बाबा हात हलवत नव्हते. सगळ्यांचे बाबा हात हलवत होते. आमचे नुसते उभे.” आणि थोड्या वेळाने, “मला वाटली, रागावले.”

एवढेच. त्या परत आल्या, वाळूत बसल्या, आणि धाकटीने केलेल्या किल्ल्याला शंख लावून देऊ लागल्या. परतीच्या लाँचमध्ये त्यांनी कठड्याकडची जागा मागून घेतली आणि मुलांच्या हातातला चिवडा अर्धा स्वतःच पक्ष्यांना घातला.

घरी आल्यावर आठ दिवसांनी मित्र निरोप घेऊन आला. अम्मांना तो दगड कागदावर काढून हवा होता, दारावर लावायला. मी रविवारभर बसून काढला. वर चंद्र, वर सूर्य, मधे लेखाच्या ओळी जमतील तशा. खालचा भाग मात्र चारचौघांत दिसायचा म्हणून कमळाची वेल घालून सजवला. स्वतः नेऊन दिला. अम्मांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत पाहिला आणि माझ्याकडे पाहून विचारले,

“गाढव कुठे गेली?”